स्लाइडवर न मावलेले स्टॉकडेल

लीडरशिपच्या कोर्सात ‘स्टॉकडेल पॅराडॉक्स’ची स्लाइड हमखास येते. शेवटी सुटका होणार हा विश्वास सोडायचा नाही, पण समोरच्या वास्तवाकडे डोळेझाकही करायची नाही. झालं, टी ब्रेक. परवा मेसमध्ये एका तरुण कॅप्टनने विचारलं, “सर, पण या माणसाने केलं काय?” तेव्हा सांगितलं तेच इथे लिहितोय.

जेम्स स्टॉकडेल अमेरिकन नौदलाचे लढाऊ वैमानिक. 2 ऑगस्ट 1964 ला टोंकिनच्या आखातात ‘मॅडॉक्स’ या विनाशिकेवर उत्तर व्हिएतनामी बोटींनी खरोखरच हल्ला केला होता. 4 तारखेच्या रात्री पुन्हा हल्ल्याची बातमी आली. स्टॉकडेल तेव्हा वर घिरट्या घालत होते. त्यांना एकही बोट दिसली नाही. तरी दुसऱ्या दिवशी प्रत्युत्तराचा हवाई हल्ला झाला आणि त्याचं नेतृत्व त्यांनीच केलं. हुकूम तो हुकूम.

9 सप्टेंबर 1965 ला त्यांचं विमान पडलं. पाय मोडला, रवानगी हनोईच्या होआ लो तुरुंगात. युद्धाला जे निमित्त झालं ते घडलंच नव्हतं, हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस आता शत्रूच्या हाती होता. छळाखाली ते तोंडून निघालं तर? ही धास्ती मनात ठेवून त्यांनी साडेसात वर्षं काढली, त्यातली चारहून अधिक एकांतात.

नौदलाच्या कैद्यांत ते सर्वांत वरिष्ठ. भिंतीवर टकटक करून, पाच बाय पाचच्या अक्षरचौकटीतून त्यांचे हुकूम जायचे: लोकांसमोर मान तुकवायची नाही, रेडिओवर बोलायचं नाही, गुन्हा कबूल करायचा नाही, एकट्याने आधी सुटायचं नाही. छळात माणूस मोडतो, हे ते स्वतःवरून जाणत होते. म्हणून मोडून आलेल्याला दूर न लोटता परत आपल्यात घ्यायचं. मला तर हे त्यांचं सर्वांत अवघड काम वाटतं.

1969 मध्ये प्रचारासाठी त्यांचं चित्रीकरण ठरलं. त्यांनी ब्लेडने टाळू कापून घेतली. टोपी आणली, तर स्टुलाने स्वतःचं तोंड ठेचलं.

12 फेब्रुवारी 1973 ला सुटले. 1976 मध्ये मेडल ऑफ ऑनर मिळालं, पुढे व्हाइस अॅडमिरल झाले. टोंकिनची ती रात्र 1984 च्या पुस्तकात, पत्नी सिबिल यांच्यासोबत, उघडपणे लिहिली.

1992 मध्ये उपाध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून टीव्हीवरच्या वादविवादात ते अडखळले, आणि देश हसला. कॅप्टनने ती क्लिप मोबाइलवर शोधली. अर्धी पाहून बंद केली.