अक्षरांची मालकी

पुण्याहून पौडच्या रस्त्यानें निघालें म्हणजे पिरंगुटाजवळ कासार आंबोली हें गांव लागतें. गेल्या पावसाळ्यांत तेथें आमच्या एका वृद्ध शिक्षक-स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आला. बोलतां बोलतां त्यांनीं कपाटांतून दोन वस्तु काढून आमच्यापुढें ठेविल्या. पहिली, त्यांच्या आजोबांच्या संग्रहांतील निर्णयसागर छापखान्याची एक पोथी. कागद पिवळा पडलेला, कडा झिजलेल्या. परंतु पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अक्षर न् अक्षर सुवाच्य. दुसरी वस्तु म्हणजे १९९६ सालची एक फ्लॉपी. १९२१ सालीं सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं मुळशी धरणाविरुद्ध जो सत्याग्रह झाला, त्याच्या बालपणीं पाहिलेल्या व वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या आठवणी स्नेह्यांच्या वडिलांनीं उतारवयांत लिहून काढिल्या होत्या. पुण्यांतील एका दुकानांत त्या संगणकावर उतरविल्या. परंतु पुस्तक निघण्यापूर्वींच वडील वारले आणि हस्तलिखित वाळवीनें खाल्लें. उरली ती ही फ्लॉपी.

स्नेह्यांच्या पुतण्यानें खटपट करून ती उघडली, तों पडद्यावर रोमन अक्षरें, स्वल्पविराम, कंस आणि चित्रविचित्र खुणा यांची नुसती रास! मराठीचें एकही अक्षर दिसेना. शंभर वर्षांपूर्वींची पोथी वाचतां येते आणि तीस वर्षांपूर्वींचें लिखाण वाचतां येत नाहीं, हें कसें? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलों, तेव्हां तें यंत्रांच्या इतिहासांत नसून मालकीच्या इतिहासांत आहे, असें आम्हांस दिसून आलें.

मराठी मुद्रणाचा आरंभ परप्रांतांत झाला. विल्यम कॅरी ह्यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं श्रीरामपुरास छापलें गेलें. पुढें मुंबईंत गणपत कृष्णाजी ह्यांनीं शिळाप्रेसवर पंचांग काढिलें आणि १८६४ सालीं जावजी दादाजी ह्यांनीं खिळे ओतण्याचा कारखाना घातला. १८६९ पासून त्यांचा निर्णयसागर छापखाना चालू झाला. राणोजी रावजी आरू ह्यांनीं कोरलेल्या ठशांची वळणदार अक्षरें महाराष्ट्राच्या डोळ्यांत इतकीं भरलीं कीं, छापील मराठी म्हणजे तींच, अशी कित्येक पिढ्यांची समजूत झाली. कानेमात्रा व जोडाक्षरें ह्यांमुळें देवनागरीस शेंकडों खिळे लागत. जुळाऱ्याचे हात थकून जात. ही संख्या कमी करण्यासाठीं लोकमान्य टिळकांनींही पुष्कळ परिश्रम केले होते.

हे खिळे कांहीं फुकट मिळत नसत. ठसे कारखानदाराचे, धातु त्याचा, नफाही त्याचा; आणि त्यांत अन्याय्य असें कांहींच नव्हतें. परंतु एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. खिळ्यावर कारखानदाराची मालकी असली, तरी कागदावर उमटलेल्या अक्षरावर ती पोंचत नसे. एकदां शाई वाळली कीं पान वाचकाचें झालें. जावजींचा कारखाना उद्यां बंद पडला असता, तरी स्नेह्यांच्या आजोबांच्या पोथींतील एक मात्राही पुसली गेली नसती.

संगणकाच्या युगांत नेमका हाच निर्बंध सुटला. संगणकाला अक्षर ठाऊक नसतें. त्यास ठाऊक असतो तो आंकडा. ज्या सांठवणींत हीं लिखाणें ठेवीत, तींत एका खुणेस २५६ पलीकडे आंकडे उपलब्ध नव्हते व त्यांतील पहिले निम्मे रोमन लिपीनें आधींच व्यापिले होते. तेव्हां मराठी फॉन्ट करणाऱ्यांनीं युक्ति अशी योजिली कीं, रोमन अक्षरांच्याच आंकड्यांवर देवनागरीचे तुकडे बसवावे: कोठें काना, कोठें वेलांटी, कोठें अर्धा ककार. छापखान्यांतील केसेचे खण तेच ठेवून आंत निराळे खिळे भरावे, तशांतला हा प्रकार. दुर्दैव इतकेंच कीं, प्रत्येक उत्पादकानें खण आपापल्या मर्जीप्रमाणें भरले. एकाच्या कोष्टकांत जेथें ‘क’, तेथें दुसऱ्याच्या कोष्टकांत रफार. ज्याच्यापाशीं तोच फॉन्ट, त्यासच लिखाण वाचतां येई. इतरांस रोमन रास. पूर्वीं खिळा मालकीचा होता. आतां लिहिलेला मजकूरच ओलीस पडला.

येथें कोणी म्हणेल कीं, ह्या व्यावसायिकांनीं उद्योग केला नसता तर मराठी संगणकावर आलीच नसती. हा आक्षेप आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. वर्तमानपत्रें, पाठ्यपुस्तकें, दिवाळी अंक त्यांच्याच श्रमावर निघाले. दोष श्रमांत नव्हता. आंकड्यांचें कोष्टक खाजगी ठेवण्यांत होता. अक्षराचें वळण हें कारागिराचें; परंतु ‘क’ कोणत्या आंकड्यानें ओळखावा, हा समाजाचा करार आहे. वजनेंमापें जर प्रत्येक दुकानदारानें आपापलीं ठरविलीं, तर बाजार कसा चालावा?

सार्वजनिक करार मुळींच झाला नव्हता, असें मात्र नव्हे. १९८८ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या सी-डॅक ह्या संस्थेनें भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणाचें मोठें कार्य केलें. भारतीय मानक संस्थेनें १९९१ सालीं ‘इस्की’ ही समाईक संकेतप्रणाली प्रमाण ठरविली. त्याच वर्षीं जगांतील सर्व लिप्यांस स्वतंत्र आंकडे देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. तींतील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या रूपावर आधारलेली होती. परंतु करार कागदावर असणें निराळें आणि घराघरांतील यंत्रांत उतरणें निराळें. २००० सालच्या सुमारास प्रचलित संगणकांत युनिकोडची देवनागरी दिसूं लागली, तोंपर्यंत खाजगी कोष्टकांत हजारों पानें लिहून झालीं होतीं.

दुसरीकडे अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं १९८३ सालीं ग्नू प्रकल्प जाहीर करून असें प्रतिपादिलें होतें कीं, सॉफ्टवेअर वाचण्याचा, सुधारण्याचा व वांटण्याचा अधिकार वापरणारास असला पाहिजे. ह्या विचाराचें फळ मराठीसही मिळालें. रेड हॅट कंपनीनें २००४ सालीं लोहित हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त परवान्याखालीं खुले केले. मुंबईच्या एक टाइप ह्या मंडळींचे मुक्त व बलू हे फॉन्ट आज कोणीही विनामूल्य वापरूं शकतो. १ मे २००३ रोजीं आरंभ झालेला मराठी विकिपीडिया तर सर्वस्वीं ह्याच सार्वजनिक अक्षरांवर उभा आहे.

तरीही सार्वजनिक करार झाला म्हणजे आपलें काम संपलें, असें समजूं नये. ‘ॲ’ ह्या आपल्या अक्षरास युनिकोडमध्यें स्वतःचा आंकडा मिळाला तो २००८ सालीं. ‘आचार्यांस’ आणि ‘आचाऱ्यांस’ ह्यांत किती अंतर आहे, हें मराठी माणसानेंच सांगावें लागतें. खुल्या व्यवस्थेंत तें सांगण्यास जागा असते, हाच तिचा खरा गुण.

आज आमच्या सुशिक्षित कुटुंबांत नव्या मोबाईलविषयीं चर्चा रंगते, ती किंमत, कॅमेरा व बॅटरी ह्यांविषयीं. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु आजीच्या आठवणी, मुलांचीं पत्रें, घरचे हिशेब हें सारें आपण ज्या रूपांत सांठवितों, तें दुसऱ्या यंत्रांत उघडेल कीं नाहीं, हा प्रश्न आम्हीं तरी अशा बैठकींत ऐकिला नाहीं. विकत घेतलेलें पुस्तकही जर एका कंपनीच्या ॲपबाहेर वाचतां येत नसेल, तर तें पुस्तक आपलें झालें काय? कासार आंबोलीच्या फ्लॉपीनें हा प्रश्न आम्हांस विचारिला.

त्या फ्लॉपीची हकीगत सांगून हा लेख पुरा करितों. पुतण्यानें दोन-तीन आठवडे खपून मूळ फॉन्ट कोणता तें हुडकलें आणि कोणा अपरिचिताने लोकांसाठीं खुलें ठेविलेलें एक परिवर्तक सॉफ्टवेअर वापरून मजकूर युनिकोडमध्यें आणिला. ‘शेतकऱ्यांनीं’ ह्या शब्दांतील ‘ऱ्या’ प्रत्येक ठिकाणीं बिघडला होता. पुष्कळ जोडाक्षरें फुटलीं होतीं. स्नेह्यांनीं चष्मा पुसून वडिलांच्या आठवणी ओळीनें दुरुस्त करावयास घेतल्या, व बहुतेक दुरुस्त झाल्याही. धरणाखालीं गेलेल्या एका वाडीचें नांव मात्र कांहीं केल्या जुळेना. तेथें आज पाणी आहे आणि ज्यांस विचारावें तीं माणसें हयात नाहींत. स्नेह्यांनीं अंदाजानें नांव घातलें नाहीं. ती जागा त्यांनीं कोरी सोडली आहे. आमच्या मतें इतिहासाच्या दृष्टीनें त्यांनीं केलें तें योग्यच केलें. परंतु ती जागा कोरी राहण्याचें कारण पडलें नसतें, तर अधिक बरें झालें असतें.