कचेरीतले गाणे

मद्रासकडील एखाद्या गृहस्थाने आपणांस ‘आज सायंकाळी आमच्या येथे कच्चेरी आहे, अवश्य यावे’ असे निमंत्रण दिले, तर ठाणे-कल्याणकडील मनुष्याच्या डोळ्यांपुढे प्रथम मामलेदार, पट्टेवाले आणि लाल फडक्यात बांधलेली दप्तरे उभी राहतील. त्या गृहस्थाच्या मनात मात्र गवई, मृदंग आणि तंबोरा असावयाचा. तमिळ देशात गाण्याच्या बैठकीस कच्चेरी म्हणतात, आणि हा शब्द आपल्या कचेरीचाच सख्खा भाऊ आहे. ज्या ठिकाणी अधिकारी बसून लोकांचे म्हणणे ऐकतो ती कचेरी. तेथेच पुढे गवयाचेही ऐकले जाऊ लागले आणि नाव गाण्यास चिकटले. आजच्या कच्चेरीचा जो घाट आहे, वर्णम्ने आरंभ करावयाचा, कृती आटोपशीर गावयाच्या व शेवटी हलक्या चिजा घ्यावयाच्या, तो पुष्कळ अंशी अरियाकुडी रामानुज अय्यंगार (१८९०–१९६७) यांनी बसविला, असे तिकडील जाणकार सांगतात.

आपल्याकडेही गोष्ट फार निराळी नाही. दिवाणखाना म्हणजे काय? फारसीत दिवाण हे प्रथम हिशेबाच्या वहीचे नाव; त्यावरून ती वही ज्या खात्यात असे ते खाते, आणि मग त्या खात्याचा मुख्य. (कवीच्या गजलांच्या संग्रहासही दिवाणच म्हणतात, म्हणजे एकाच शब्दात हिशेब आणि विरह सुखाने नांदतात.) दिवाण जेथे काम पाहत असे ती जागा दिवाणखाना, आणि आमच्या आजोबांच्या पिढीस गाण्याची बैठक म्हटली की दिवाणखानाच आठवे. दरबारी कानडा या रागाच्या नावातच राजाची कचेरी आहे. सारांश, काम करावयाची जागा आणि गाणे ऐकावयाची जागा या दोहोंत आपण आज जी भिंत मानतो ती फार जुनी नव्हे.

हे सुचण्यास कारण एक अमेरिकन उपक्रम झाला. वॉशिंग्टन येथील नॅशनल पब्लिक रेडिओच्या कचेरीत बॉब बॉयलन नावाच्या कार्यक्रम-चालकाच्या टेबलाशी २००८ पासून गाण्याच्या छोट्या बैठकी होऊ लागल्या. तो आणि त्याचा एक सहकारी एका गजबजलेल्या मद्यगृहात लॉरा गिब्सन या गायिकेस ऐकावयास गेले होते. गोंगाटात तिचा आवाजच ऐकू येईना. तेव्हा ‘त्यापेक्षा आमच्या टेबलापाशी येऊन गा’ असे थट्टेने म्हटले गेले आणि ती थट्टा खरी झाली. पुस्तकांच्या फडताळांपुढे गायक उभा राहतो, कचेरीतील मंडळी भोवती जमतात, आणि लोकगीत गाणाऱ्यापासून नामांकित वाद्यवृंदापर्यंत सर्वांस तीच अडचणीची जागा मिळते. माझ्या एका विद्यार्थिनीने मला हे दाखविले, तेव्हा मी अध्यापकी सवयीने म्हणालो, ‘यात नवे काय? हे आमच्याकडे होतेच.’ घरी आल्यावर मात्र हे विधान तपासून पाहावेसे वाटले, आणि ते अर्धेच खरे असल्याचे आढळून आले.

खरे अर्धे असे की, हिंदुस्थानी गायकीची घडणच मुळी लहान खोलीसाठी झालेली आहे. तंबोऱ्याच्या जवारीतून उमटणारा स्वयंभू गंधार, मींडेत मध्येच ओझरता लागणारा कण, समेवर येण्यापूर्वी गवयाने घेतलेला श्वास, ही सर्व दहा-पंधरा हातांच्या टापूतील संपत्ती आहे. समोरच्या श्रोत्याने मान डोलावली की गवई तीच जागा दुसऱ्या वाटेने पुन्हा दाखवितो. न डोलावली तर तो पुढे जातो. दाद हा येथे केवळ शिष्टाचार नसून सामग्रीचा भाग आहे.

खोटे अर्धे असे की, त्या दिवाणखान्यात ‘आम्ही’ नव्हतो. तेथे संस्थानिक, जमीनदार, मुंबईचे शेठ आणि त्यांचे स्नेही बसत. गाणारी पुष्कळदा स्त्री असे. पण घरच्या स्त्रियांनी पडद्याआडून ऐकले तर ऐकले. जिचे गाणे ऐकण्यासाठी रात्र जागवावयाची, तिला दिवसा ओळख द्यावयाची नाही, असा तो मामला होता. पूर्वीच्या बैठकींविषयी हळहळणाऱ्या लेखांत ही गोष्ट बहुधा वगळलेली असते.

मग ती खोली सामान्य सुशिक्षितास उघडली कोणी? माझे उत्तर थोडे गद्य वाटेल: कारकुनाने, आणि आगगाडीने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी आली. पुढच्याच वर्षी ती कल्याणास पोहोचली. १९२५ साली बोरीबंदर व कुर्ला यांमध्ये विजेची गाडी सुरू झाली आणि त्याच दशकात ती कल्याणपर्यंत आली. मुंबईपासून चोपन्न किलोमीटरांवर बिऱ्हाड करून फोर्टात नोकरी करणारा एक नवा वर्ग त्यामुळे निर्माण झाला. त्याच्यापाशी दिवाणखाना नव्हता. ठराविक पगार, ठराविक रविवार आणि वर्गणी भरण्याची सवय एवढे होते. कल्याणास सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून होते, ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली निघाले. सभासद, चिटणीस, वार्षिक हिशेब ही रीत लोकांच्या अंगवळणी पडली होती. तीच रीत गाण्यास लावली गेली. पुण्यात भास्करबुवा बखल्यांनी (१८६९–१९२२) भारत गायन समाज १९११ साली स्थापिला. कल्याण गायन समाज १९२६ चा. भास्करबुवांस लोक देवगंधर्व म्हणत, आणि कल्याणच्या समाजाने आपल्या वार्षिक महोत्सवास तेच नाव दिले आहे. जेथे पूर्वी एकाने सर्व बिदागी द्यावी आणि चार जणांस बोलवावे, तेथे दोनशे जणांनी थोडथोडे द्यावे आणि सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसावे, एवढाच हा फरक. पण त्या सतरंजीवर हेडक्लार्क आणि शाळामास्तर यांच्याबरोबर त्यांच्या बायकाही येऊन बसल्या, आणि हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिकेने जाहीर बैठकीत प्रतिष्ठेने गावयाची वाट पाडली, हे लक्षात घेतले म्हणजे हा फरक केवढा होता ते कळेल.

याची किंमतही द्यावी लागली. कारकुनाचा धनी घड्याळ. रात्रभर चालणारी बैठक शेवटच्या गाडीच्या वेळेशी बांधली गेली. मी विशीत असताना कल्याणास एका बैठकीत तंबोऱ्यापासून तीन हातांवर बसलो होतो. बुवांनी मध्यरात्रीनंतरचा राग नुकताच धरला होता, आणि माझ्या शेजारचे एक वृद्ध कारकून एका डोळ्याने गवयाकडे व दुसऱ्याने मनगटाकडे पाहत होते. शेवटी ते उठले. उठताना त्यांनी बुवांस केलेला नमस्कार मी विसरलो नाही. त्यांना डोंबिवलीस जावयाचे होते.

दुसरी कचेरी आली ती नभोवाणीची. २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. ते चालविणारी कंपनी तीन वर्षांत बुडाली, सरकारने काम हाती घेतले आणि १९३६ साली त्यास ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. ही तर शब्दशः कचेरी: हजेरीपट, करारपत्र, तांबडा दिवा. लहान खोली होती, शांतता होती, उस्तादांपासून कीर्तनकारांपर्यंत सर्वांस एकच ध्वनिक्षेपक होता. नव्हता तो फक्त श्रोता. काचेपलीकडे घड्याळाकडे पाहणारा अधिकारी समेवर मान हलवीत नाही. केसरबाई केरकरांनी नभोवाणीकडे पाठ फिरविली, याचे मला नवल वाटत नाही. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून तारामंडळाकडे गेली, पण माजघरातल्या रेडिओवर त्या गाइल्या नाहीत. १९५४ पासून आकाशवाणीने संगीत संमेलने निमंत्रित श्रोत्यांसमोर भरवावयास आरंभ केला. दाद देणारी माणसे खोलीत हवीत, याची ती एक प्रकारे कबुलीच होती.

कचेरी म्हटली की फर्मानही आले. १९४० साली नभोवाणीवर हार्मोनियमच्या साथीस बंदी झाली. हिच्या पट्ट्या ठाम, हिला मींड नाही, श्रुती नाहीत, असा आक्षेप होता; आणि तो शास्त्रदृष्ट्या खोटा नव्हे. पण महाराष्ट्रात ही पेटी नाटकाच्या पडद्यामागून बैठकीत येऊन घरची झाली होती. गोविंदराव टेंब्यांसारख्याने तिच्यातून काय काढून दाखविले ते ऐकलेली पिढी तेव्हा हयात होती. बैठकीत एखादे वाद्य वाईट वाजले तर श्रोते नाक मुरडतात आणि गोष्ट तेथेच मिटते. कचेरीत त्याचे परिपत्रक निघते. ही बंदी १९७१ नंतर क्रमाक्रमाने सैल झाली. म्हणजे एक संपूर्ण पिढी पेटीवाल्यांनी घराबाहेर साथ केली आणि सरकारदारी त्यांना दार बंद राहिले. कचेरीने कलेस आसरा द्यावा, पण तिची अभिरुची ठरवू नये, असे मला या एका प्रकरणावरून वाटू लागले आहे.

तरीही कचेरीशी वैर धरून कलावंताचे भागले नाही. वसंतराव देशपांडे कित्येक वर्षे लष्करी हिशेबखात्यात नोकरी करीत होते. जितेंद्र अभिषेकी आकाशवाणीच्या कोकणी विभागात होते. ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तीन घराण्यांची विद्या कमावलेले, गळा आणि व्हायोलिन दोन्ही सारख्याच अधिकाराने चालविणारे गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) यांनीही आकाशवाणीची नोकरी केली, आणि उत्तरायुष्यात ते डोंबिवलीस राहिले. उल्हास कशाळकरांसारखा शिष्य त्यांच्यापाशी शिकला. इकडे ठाण्यास राम मराठे (१९२४–१९८९) होते. प्रभातच्या ‘गोपाळकृष्ण’ चित्रपटातला बाळकृष्ण म्हणून लोकांनी त्यांना पोरवयातच पाहिले होते; पुढे संगीत नाटकाची रंगभूमी आणि ख्यालाची बैठक त्यांनी एकाच दमात सांभाळली. ज्या गावांस मुंबईकर केवळ झोपावयास जाण्याची ठिकाणे समजतात, त्यांच्या चाळींतून व सोसायट्यांतून ही विद्या मुक्कामास होती.

आणि गाडीतले भजन? सकाळच्या गाडीत टाळ घेऊन डब्याच्या पत्र्यावर ठेका धरणारी मंडळी कल्याण-डोंबिवलीच्या प्रत्येक नोकरदारास ठाऊक आहेत. काही सहप्रवाशांस त्याचा उपद्रव वाटतो, आणि परीक्षेचे पेपर मांडीवर घेऊन बसलेल्या मलाही तो क्वचित वाटला आहे. पण गळ्यातला डबा फळीवर ठेवून अभंगाचा वरचा स्वर उचलणारा तो हिशेबनीस एका तासाने फोर्टात कोणाच्या पुढ्यात मान खाली घालून उभा राहणार आहे, हे ध्यानात आले की पेपर बाजूस ठेवावासा वाटतो.

आमच्या महाविद्यालयाच्या कचेरीत असाच एक शिपाई होता. तीस वर्षे त्याने आमच्या हजेरीच्या वह्या उचलल्या. तो गातो हे आम्हांस त्याच्या निवृत्तीच्या दिवशी कळले. भाषणे झाली, नारळ दिला गेला, तेव्हा तो म्हणाला, ‘सर, हार नको होता. दोन अभंग म्हणू काय?’ टेबलावरील फायली सरकवून जागा करण्यात आली. पेटी नव्हती, ग्रंथपालांनी लाकडी खुर्चीवर ठेका धरला. दुसऱ्या अभंगाच्या मध्यावर फोनची घंटा वाजली, आणि आमच्या अत्यंत नियमनिष्ठ हेडक्लार्कबाईंनी रिसीव्हर उचलून, काही न बोलता, टेबलावर तसाच आडवा ठेवून दिला.