कुरुविंदाचे नाव आणि कुरुविंदाचे ज्ञान

माणिक आणि नीलम ही एकाच खनिजाची रूपे आहेत हे भारतीयांना दीड हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते, असे पुष्कळदा अभिमानाने सांगितले जाते. आधार म्हणून सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’कडे बोट दाखवले जाते. पद्मराग, म्हणजे माणिक, कुरुविंदापासून उत्पन्न होते असे त्या ग्रंथात म्हटले आहे, हे खरे. परंतु त्याच ठिकाणी सौगंधिक आणि स्फटिक हेही माणकाचे उगम सांगितले आहेत. स्फटिक म्हणजे सिलिका. माणकाशी त्याचे रासायनिक नाते नाही. ती विभागणी रंग, तेज आणि दोष पाहून केलेली आहे. ती रत्नपारख्याची आहे, रसायनज्ञाची नव्हे. त्यामुळे तिचे मोल कमी होत नाही. मात्र वराहमिहिराच्या तोंडी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड घालणे हा त्याच्यावरच अन्याय आहे.

खरे भारतीय ज्ञान पोथीबाहेर होते. सेलम आणि म्हैसूरच्या मुलखात करड्या-तपकिरी रंगाचा, अपारदर्शक, रत्न म्हणून निरुपयोगी असा कुरुविंद सापडत असे. मोसच्या मापात त्याचे काठिण्य ९. सर्वसाधारणपणे आढळणाऱ्या नैसर्गिक खनिजांत त्याच्या वर केवळ हिरा. कारागीर हा दगड कुटत, चाळत, वितळलेल्या लाखेत त्याची पूड कालवत आणि त्याची चकती बनवत. शिकलगार तिच्यावर पात्यांना धार लावत, जवाहिरे रत्नांना पैलू पाडत. यात लाखेची निवड लक्षात घेण्याजोगी आहे. कण बोथट झाले की बंधक थोडा झिजावा, जुने कण गळून पडावेत आणि खालचे धारदार कण वर यावेत, याच तत्त्वावर आजचे ग्राइंडिंग व्हीलही चालते. बंधक फार पक्का असला तर चाक गुळगुळीत होऊन निकामी होते. फार कच्चा असला तर भराभर संपून जाते. हा तोल त्या कारागिरांनी हातांनी साधला होता.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रासच्या डॉ. अँडरसन यांनी या स्फटिकांची एक पेटी एडिंबरोचे रत्नकोरक विल्यम बेरी यांना पाठवली. हिरा सोडून बाकी सर्व रत्ने भारतीय लोक याने घासतात, अशी माहितीही सोबत दिली. १७९८ मध्ये चार्ल्स ग्रेव्हिल यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आशियातील या दगडावर निबंध लिहिला. ‘कोरंडम’ हे नाव तमिळ ‘कुरुंदम’ आणि संस्कृत ‘कुरुविंद’ यांच्याच कुळातले. बर्लिनच्या क्लाप्रोथ यांना आरंभी या दगडात एक नवीच ‘मृत्तिका’ सापडल्यासारखे वाटले होते. पुढे त्यांनी स्वतःच ती चूक दुरुस्त केली. १८०२ मध्ये बूर्नों यांनी स्फटिकांचे आकार तपासले, शेनेविक्स यांनी रासायनिक पृथक्करण केले, आणि माणिक, नीलम व हा घासायचा दगड एकच आहेत हे पुराव्यानिशी मांडले गेले. सुमारे शंभरांतल्या एका अ‍ॅल्युमिनियम अणूच्या जागी क्रोमियम आले की लाल, लोह आणि टायटॅनियम एकत्र आले की निळा, हा रंगाचा उलगडा त्याहूनही बराच नंतरचा.

पेटी पाठवणाऱ्या डॉक्टरांचे नाव इतिहासात राहिले. ज्यांच्या चकत्या पाहून ती पाठवली, त्यांच्यापैकी एकाचेही राहिले नाही.

१९०२ मध्ये फ्रान्सच्या व्हर्नय यांनी अ‍ॅल्युमिनाची भुकटी हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्योतीत वितळवून माणिक घडवण्याची रीत प्रसिद्ध केली. (‘एचएमटी जनता’ घड्याळातले ‘१७ ज्वेल्स’ म्हणजे अशीच कृत्रिम माणके, चाकांचे आस त्यांवर फिरत.) त्याच सुमारास बॉक्साइट विद्युतभट्टीत वितळवून हवा तसा कुरुविंद तयार होऊ लागला आणि खाणीतल्या दगडाची गरज ओसरली.

त्याआधी १८९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांच्या भट्टीत एक अतिकठीण पदार्थ तयार झाला होता. तो कार्बन आणि कोरंडम यांचा संयोग असावा असे समजून त्यांनी त्याला ‘कार्बोरंडम’ म्हटले. प्रत्यक्षात ते सिलिकॉन कार्बाइड होते. कुरुविंदाचा त्यात अंशही नव्हता. नाव मात्र तेच राहिले, कंपनीलाही तेच मिळाले. पुढे १९५४ मध्ये याच अमेरिकी कंपनीच्या आणि एका ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने मुरुगप्पा समूहाने ‘कार्बोरंडम युनिव्हर्सल’ उभारली, तेव्हा घासायची चाके बनवण्यासाठी ‘कुरुंदम’ हा शब्द मद्रासला परत आला, परदेशी उच्चारात.