खुर्चीतला पैलवान

डब्ल्यूडब्ल्यूई म्हटलं की 'ते सगळं खोटं असतं' हे वाक्य येतंच, म्हणून ते आधीच बाजूला ठेवू. निकाल आधी ठरलेला असतो हे शाळेत ट्रम्प कार्ड खेळणाऱ्या आपल्या पिढीलाही आज माहीत आहे. पण कोणाला मोठं करायचं, कोणाला टीव्हीवर किती मिनिटं द्यायची, हे निर्णय खरे असतात आणि त्यावर माणसांचं पोट चालतं. म्हणून प्रश्न असा, की निवृत्तीला आलेला जुना पैलवान पडद्यावर 'साहेब' होऊन खुर्चीत बसतो, तेव्हा पोरांचं भलं होतं की त्याचं स्वतःचंच?

सुरुवातीला ही खुर्ची शोभेचीच होती. 1984 पासून जॅक टनी नावाचे टोरंटोचे गृहस्थ 'अध्यक्ष' म्हणून यायचे, कोट घालून निर्णय वाचायचे आणि जायचे. 1995 मध्ये त्यांच्या जागी गोरिला मॉन्सून आले. हा खरा जुना पैलवान. 1976 मध्ये त्यांनी साक्षात मोहम्मद अलीला खांद्यावर घेऊन गरगर फिरवलं होतं. जानेवारी 1996 मध्ये व्हेडर नावाचा राक्षसी अंगाचा गडी कंपनीत नवीन आला आणि त्याने या अध्यक्षांनाच रिंगमध्ये आडवं करून अंगावर उडी मारली. मॉन्सून तेव्हा 58 वर्षांचे. त्या एका संध्याकाळी व्हेडर किती धोकादायक आहे हे कोणाला सांगावं लागलं नाही. पुढे कंपनीने व्हेडरला मुख्य पट्टा कधीच दिला नाही, पण तो दोष मॉन्सूनचा नव्हे. म्हाताऱ्याने आपलं काम चोख केलं होतं.

मग आला व्हिन्स मॅकमहॉन. हा पैलवान नव्हे, मालक. (माणूस म्हणून त्याच्यावर पुढे गंभीर आरोप झाले आणि 2024 मध्ये त्याने राजीनामा दिला, तो विषय वेगळा.) नोव्हेंबर 1997 मध्ये मॉन्ट्रियलला त्याने ब्रेट हार्टला खरोखरच फसवून हरवलं, लोक खरोखरच चिडले आणि त्या चिडीतून दुष्ट मालकाचं पात्र उभं राहिलं. समोर स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन. नोकरदार माणसाच्या मनातलं जे असतं ते ऑस्टिन दर सोमवारी साहेबाला करून दाखवायचा. 13 एप्रिल 1998 ला दोघांची कुस्ती जाहीर झाली आणि दीड वर्षाहून जास्त काळ मागे पडलेला 'रॉ' त्या रात्री डब्ल्यूसीडब्ल्यूच्या 'नायट्रो'च्या पुढे गेला. यातली मेख लोक विसरतात. मॅकमहॉन दर आठवड्याला हरायचा. कधी भिजायचा, कधी घाबरून थरथरायचा. मालक स्वतःला जोकर करायला तयार होता, म्हणून ऑस्टिन एवढा वाढला.

मिक फोलीचं वेगळंच. 2000 मध्ये शरीर पार मोडल्यावर तो कमिशनर झाला. त्याचं ऑफिस म्हणजे कुठलीही अडगळीची खोली. कर्ट अँगल, एज, ख्रिश्चन ही तेव्हाची तरुण पोरं येऊन त्याच्याशी हुज्जत घालायची आणि त्या दोन मिनिटांत लोकांना कळायचं की अँगल नुसता ऑलिम्पिक पदकवाला नाही, विनोदाचं टायमिंगही त्याच्याकडे आहे. माझ्या मते खुर्चीचा एवढा चांगला वापर दुसऱ्या कोणी केला नाही.

आणि आता ट्रिपल एच. खरी भांडणं इथे होतात. ऑगस्ट 2013 च्या समरस्लॅमला डॅनियल ब्रायनने जॉन सीनाला हरवलं, आणि पंच असलेल्या ट्रिपल एचनेच त्याला आपटून पट्टा रँडी ऑर्टनच्या हातात दिला. पुढे कित्येक महिने ट्रिपल एच आणि त्याची बायको स्टेफनी ब्रायनला 'बी प्लस' दर्जाचा म्हणत राहिले. समर्थक म्हणतात, बघा, शेवटी 6 एप्रिल 2014 ला रेसलमेनियात ब्रायनने ट्रिपल एचला सरळ हरवलं आणि त्याच रात्री पट्टाही घेतला. बरोबर आहे. पण मधल्या जानेवारीत रॉयल रंबलमध्ये ब्रायनला घेतलंच नाही म्हणून पिट्सबर्गच्या प्रेक्षकांनी जो गोंधळ घातला, तो विसरायचा का? दार साहेबांनी उघडलं की लोकांनी ढकललं, हे ज्याने त्याने ठरवावं. मला दुसरं पटतं.

डॉल्फ झिगलरचं बघा. नोव्हेंबर 2014 मध्ये तो एकटा शेवटपर्यंत टिकला, स्टिंगच्या मदतीने का होईना, आणि 'अथॉरिटी'ची सत्ता गेली. लोक नाचले. महिना-सव्वा महिन्यात साहेब परत खुर्चीत, आणि जानेवारीत कथेत झिगलरलाच कामावरून काढलं! पुढच्या रेसलमेनियात स्टिंगलाही ट्रिपल एचने हरवलं. सेथ रॉलिन्सला त्यांनी हाताशी धरलं, तो 2015 मध्ये चॅम्पियन झाला, पण साहेबांच्या मदतीशिवाय जिंकू न शकणारा चॅम्पियन. त्यात 'रॉ' 2012 पासून तीन तासांचा झालेला, आणि सुरुवातीचा मोठा वेळ साहेब-बाईसाहेबांच्या भाषणात. ती मिनिटं कोणाच्या तरी वाटणीची होती.

आपल्याकडे म्हणतात, वस्ताद एक डाव राखून ठेवतो. तालमीत ते शहाणपण असेल. पण इथे वस्ताद तो डाव पोरांवरच टाकत होता.

याच काळात विल्यम रीगल 2014 पासून एनएक्सटीत जनरल मॅनेजर होता. तो थोडकंच बोलायचा, कुस्ती जाहीर करायचा आणि बाजूला व्हायचा. त्या काळात तिथून निघालेली पोरं पुढे मोठी झाली, आणि एनएक्सटी पडद्यामागून चालवणारा माणूस ट्रिपल एचच होता, ही गंमत आहेच. म्हणजे कॅमेऱ्यासमोर नसताना तो जास्त उपयोगी पडला!

सध्याचे अ‍ॅडम पिअर्स आणि निक ऑल्डिस दोघेही पूर्वीचे एनडब्ल्यूए चॅम्पियन, पण डब्ल्यूडब्ल्यूईच्या रिंगमध्ये मोठे न झालेले. जानेवारी 2021 मध्ये रोमन रेन्सने दमदाटी करून पिअर्सलाच आपल्याविरुद्ध कुस्तीत ओढलं होतं. सही झाल्यावर पिअर्स म्हणाला, माझा जुना गुडघा दुखतोय, माझ्याऐवजी दुसरा येईल. आणि पडद्यामागून केविन ओवेन्स चालत आला.