मिलफर्ड ग्रेव्हज : ठेका नाकारणारा तालवादक

१७३९ साली साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. ढोल वाजवत ते निघाले आणि वाटेवरचे आणखी गुलाम त्यांना येऊन मिळाले. उठाव चिरडला गेला. पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्याने गुलामांना शस्त्रांबरोबर ढोल बाळगायलाही बंदी केली. ढोल म्हणजे काय, हे मालकांना संगीत समीक्षकांपेक्षा लवकर कळले होते, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे जॅझमध्ये कृष्णवर्णीयांचा ढोल पुन्हा उभा राहिला, पण त्याच्या वाट्याला काम आले ते मुख्यतः इतरांसाठी ठेका धरण्याचे. केनी क्लार्क, मॅक्स रोच यांनी ड्रमला स्वतःची भाषा दिली. तरी ठेक्याची चाकरी पुरती सुटली नाही. ती सोडणाऱ्यांत न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात १९४१ साली जन्मलेले मिलफर्ड ग्रेव्हज हे ठळक नाव. लहानपणापासून ते कोंगा वाजवत, तरुणपणी लॅटिन वाद्यवृंदांत होते, १९६५ च्या सुमारास तबलाही शिकले. त्यांनी आपल्या ड्रमची खालची कातडी काढून टाकली. युरोपीय पलटणींतून आलेला, तारा लावलेला स्नेअर ड्रमही संचातून दूर केला. एकाच कातड्यावर जागोजागी वेगळा स्वर असतो आणि तो ऐकू आला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

आपल्याकडे हलगीवाल्याच्या वाट्याला काय आले? मेलेले जनावर ओढायचे आपण, कातडे ताणायचे आपण, वाजवायचे आपण. लग्न मात्र गावाचे आणि उभे राहायचे मांडवाबाहेर. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर कित्येक वस्त्यांनी हलगी खाली ठेवली. ग्रेव्हज यांनी वाद्य ठेवले आणि चाकरी टाकली. पहिला नकार पचवल्याशिवाय या दुसऱ्या नकाराची किंमत आपल्याला कळणार नाही, असे मला वाटते.

१९६४ मध्ये ते न्यूयॉर्क आर्ट क्वार्टेटमध्ये होते. त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर अमिरी बराका (तेव्हाचे लेरॉय जोन्स) यांचे काव्यवाचन आहे. १९६६ साली येल विद्यापीठात पियानोवादक डॉन पुलन यांच्याबरोबर झालेली मैफल दोघांनी स्वतःच्याच ‘सेल्फ रिलायन्स प्रोग्राम’ या नावाने बाजारात आणली. कंपनीच्या दाराशी जायचे नाही, हा त्यामागचा विचार. १९६७ मध्ये जॉन कोल्ट्रेनच्या अंत्यविधीत अल्बर्ट आयलर यांच्याबरोबर ग्रेव्हज वाजवत होते.

पोटासाठी त्यांनी पशुवैद्याची प्रयोगशाळाही सांभाळली. डॉक्टरांच्या शिक्षणासाठी काढलेली हृदयाच्या ठोक्यांची एक ध्वनिमुद्रिका हाती लागली आणि त्या ठोक्यांत त्यांना ढोलाची बोली ऐकू आली. मग घराच्या तळघरात ते विद्यार्थ्यांचे, शेजाऱ्यांचे, स्वतःचे ठोके टिपू लागले, संगणकावर त्यांचे स्वरांत रूपांतर करू लागले. निरोगी हृदय घड्याळासारखे चालत नाही, दोन ठोक्यांमधले अंतर सतत किंचित बदलते, ही गोष्ट वैद्यकालाही मान्य आहे. म्हणजे ज्याला बेताल म्हणून हिणवले गेले तेच जिवंतपणाचे लक्षण! मात्र अशा ध्वनींनी रोग बरा होतो, हा त्यांचा विश्वास प्रयोगाने पुरेसा सिद्ध झालेला नाही. आदरापोटी ही गोष्ट झाकून ठेवणे आपल्या परंपरेत बसणारे नाही. १९७३ ते २०१२ अशी ३९ वर्षे त्यांनी बेनिंग्टन कॉलेजात शिकवले. २००० साली त्यांना गुगेनहाइम फेलोशिप मिळाली.

उतारवयात हे सारे शिल्पांत उतरले. मानवी सांगाडा, स्टेथोस्कोप, आफ्रिकी मूर्ती, ढोल आणि पडद्यावर धावणारे हृदयाचे आलेख. २०२० मध्ये फिलाडेल्फियात त्यांच्या समग्र कामाचे प्रदर्शन भरले. त्याआधी २०१८ मध्येच त्यांना हृदयाचे स्नायू ताठर करणारा असाध्य विकार जडल्याचे कळले होते. डॉक्टरांनी दिलेली मुदत काही महिन्यांची. ग्रेव्हज यांनी स्वतःच्याच छातीला यंत्र लावले आणि ऐकत राहिले. १२ फेब्रुवारी २०२१ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, ते हृदय थांबले.