चुकीच्या रकान्यातली खूण

नोव्हेंबर २००४ मध्ये एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने एक फॉर्म भरला. फॉर्म होता रहिना इब्राहिम यांच्याबद्दलचा. मूळच्या मलेशियाच्या या बाई कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठात पीएचडी करत होत्या. संशयितांच्या वेगवेगळ्या याद्यांची नावे फॉर्मवर छापलेली होती आणि ज्या यादीत नाव घालायचे नाही तिच्यापुढे खूण करावी, अशी सूचना होती. अधिकाऱ्याने नेमके उलटे केले. त्याच्या मनातही नसताना इब्राहिम यांचे नाव विमानबंदीच्या, म्हणजे ‘नो-फ्लाय’ यादीत जाऊन बसले.

२ जानेवारी २००५ रोजी इब्राहिम आपल्या चौदा वर्षांच्या मुलीसह सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर आल्या. हवाईतली एक परिषद आटोपून त्यांना मायदेशी जायचे होते. नुकतीच शस्त्रक्रिया झाल्याने त्यांनी व्हीलचेअर मागितली होती. त्याऐवजी हातात बेड्या पडल्या. सुमारे दोन तास कोठडीत ठेवून त्यांना सोडण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी विमानातही बसू दिले. मार्चमध्ये त्या परत निघाल्या, तेव्हा व्हिसा रद्द झाल्याचे कळले.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याआधी या विमानबंदीच्या यादीत वीस नावेही नव्हती. हल्ल्यानंतर ती झपाट्याने वाढली आणि २००३ मध्ये सगळ्या खात्यांच्या याद्या एकत्र सांभाळण्यासाठी एफबीआयच्या देखरेखीखाली स्वतंत्र केंद्र उभे राहिले. प्रवाशांची नावे यादीशी ताडून पाहण्याचे काम मात्र विमान कंपन्यांकडेच होते. नावात थोडे साम्य दिसले, तरी काउंटरवर तिकीट अडे. सिनेटर टेड केनेडी यांनाही हा अनुभव आला. कुणा संशयिताने ‘टी. केनेडी’ हे टोपणनाव वापरले होते, तेवढे कारण पुरले. गृहसुरक्षा मंत्री टॉम रिज यांच्यापर्यंत दाद मागूनही प्रकरण निस्तरायला काही आठवडे गेले, हे केनेडींनीच ऑगस्ट २००४ मध्ये सिनेटच्या समितीपुढे सांगितले.

सामान्य प्रवाशाला मंत्र्याकडे जाता येत नाही. त्याच्यासाठी २००७ मध्ये तक्रार अर्जाची सोय झाली. अर्जाला उत्तर येई, पण नाव यादीत आहे की नाही, हे त्यात नसे.

या गुप्ततेमागे कारण होते. आपल्यावर पाळत आहे हे कळले, की खरा संशयित सावध होणार. शिवाय यादी तोकडी पडल्याचेही एक ठसठशीत उदाहरण घडले. २५ डिसेंबर २००९ रोजी उमर फारूक अब्दुलमुतल्लब ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला निघालेल्या विमानात अंतर्वस्त्रात स्फोटके दडवून बसला होता. ‘मुलाची लक्षणे ठीक नाहीत’ असे त्याच्या वडिलांनी नायजेरियातल्या अमेरिकी वकिलातीला आधीच कळवले होते. संशयितांच्या मोठ्या नोंदवहीत त्याचे नाव चढले, विमानबंदीच्या यादीत मात्र आले नाही. त्यानंतर निकष सैल झाले आणि यादी फुगली. त्याच सुमारास नावे ताडण्याचे काम सरकारने स्वतःकडे घेतले. जन्मतारीख आणि लिंगही पाहिले जाऊ लागले. केनेडींसारखे घोटाळे त्याने कमी झाले. पण माणूस तोच आणि खूण चुकीची असेल, तर या सुधारणेचा काय उपयोग?

इब्राहिम यांनी २००६ मध्ये दावा लावला. खालच्या न्यायालयाने तो दोनदा फेटाळला, वरच्या न्यायालयाने दोन्ही वेळा जिवंत केला. डिसेंबर २०१३ मध्ये खटला उभा राहिला, तेव्हाही त्यांना अमेरिकेत पाऊल टाकता आले नाही. साक्षीला निघालेल्या त्यांच्या मुलीलाही, ती अमेरिकी नागरिक असून, क्वालालंपूरला विमानात चढू दिले नाही. फॉर्म भरणाऱ्या अधिकाऱ्याला आपली चूक कळली ती या दाव्यात जबानी देताना, जवळपास नऊ वर्षांनी. या बाईंपासून देशाला धोका नाही, हे सरकारने कबूल केले होते; तरी गोपनीयतेची ढाल पुढे करून लढा चालूच ठेवला होता. जानेवारी २०१४ मध्ये न्यायाधीश विल्यम ॲल्सप यांनी सगळ्या नोंदी दुरुस्त करण्याचा आदेश दिला. एका यादीतली चूक दुसऱ्या याद्यांत कशी पसरत जाते, यावर त्यांनी निकालात बोट ठेवले. व्हिसा मात्र इब्राहिम यांना मिळाला नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये ओरेगनच्या न्यायाधीश ॲना ब्राउन यांनी तेरा अमेरिकी नागरिकांच्या दाव्यात तक्रारीची ती पद्धतच घटनाबाह्य ठरवली. या तेरांत माजी सैनिकही होते. पुढल्या वर्षी नियम बदलले: अमेरिकी नागरिकाने किंवा कायमस्वरूपी रहिवाशाने अर्ज केल्यास नाव यादीत आहे का, हे सांगायचे आणि जमेल तेवढी कारणेही द्यायची. इतर परदेशी प्रवाशांना मात्र हा बदल लागू झाला नाही.

सरकारकडे आणखी एक वाट होती. दावा अंगाशी येतोय असे दिसले, की नाव काढून टाकायचे आणि ‘आता वाद उरला नाही’ म्हणायचे. योनास फिक्रे या अमेरिकी नागरिकाचे नाव २०१६ मध्ये असेच निघाले. पण १९ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी ही सबब नाकारली. सध्याच्या माहितीवरून नाव पुन्हा घालणार नाही, एवढे आश्वासन पुरेसे नाही, असे न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी निकालात लिहिले. यादी वैध की अवैध, या प्रश्नाला न्यायालयाने हात घातला नाही. फिक्रे यांचा दावा पुढे चालू राहण्याची वाट तेवढी मोकळी केली.