स्त्रीपुरुष तुलना आणि मानधनाचे पत्रक

१८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेवर खटला चालला. वैधव्यात झालेले मूल तिने मारले, असा तिच्यावर आरोप होता. न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा दिली आणि पुढे ती सौम्य होऊन काळ्या पाण्यावर आली. मुलाला आईप्रमाणे बापही असतो, हे सांगावयास कायदेपंडिताची गरज नाही. तथापि शिक्षा एकटीला झाली. वृत्तपत्रांतून वाद सुरू झाला तोही त्या अज्ञात पुरुषाविषयी नव्हता. समस्त स्त्रीजात किती अविचारी आणि बेभरवशाची आहे, याविषयी होता.

हा वाद वऱ्हाडात बुलढाण्यास एक बाई वाचीत होत्या. ताराबाई शिंदे हे त्यांचे नाव. वडील बापूजी हरी शिंदे हे तेथील सरकारी कचेरीत कारकुनीच्या हुद्द्यावर होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. मुलीला त्यांनी घरीच शिकविले. १८८२ साली ताराबाईंचा निबंध पुण्यास छापून निघाला: 'स्त्रीपुरुषतुलना'. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

या निबंधाची पद्धत मला फार आवडते, कारण ती आम्हा कामगारांच्या माणसांना ओळखीची आहे. मालकाचे आरोपपत्र आले की आम्ही त्यावर रडगाणे गात नाही. एकेक कलम घेतो आणि पुरावा मागतो. ताराबाईंनी तेच केले. जुन्या संस्कृत श्लोकांतून स्त्रीच्या माथी मारलेल्या दोषांची यादी त्यांनी समोर ठेवली: साहस, कपट, अविनय इत्यादी. ('साहस' हा शब्द तेव्हा आजच्यासारखा गौरवाचा नव्हता, बेधडक दुष्कृत्य असा त्याचा रोख होता.) मग प्रत्येक कलमावर त्यांनी विचारले की, हा दोष पुरुषात नाही काय? असल्यास कोणात अधिक? फसविणारा कोण आणि फसणारी कोण? बायको मेल्यावर दहाव्या दिवशी नवी आणावयास मोकळा कोण, आणि नवरा मेल्यावर अंधाऱ्या खोलीत बसावे कोणी? पुरुषांनी पागोट्याची टोपी केली, पायांत बूट घातले, साहेबाची चाकरी धरली, तेव्हा धर्म बुडाला नाही. मग तो सगळा बाईच्याच पदराला का बांधला, हाही त्यांचा सवाल होता.

आणि त्या साहित्याकडे वळल्या. मराठी कादंबरी तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होती. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ची. या आणि अशा कृतींतील स्त्रीचित्रणाचा ताराबाईंनी समाचार घेतला. नायिका एक तर संकटामागून संकटे सोसणारी सद्गुणांची पुतळी, नाही तर कपटी कुलटा. आणि कथेच्या शेवटी सर्व काही गोड. घरोघरच्या बाईला असा शेवट कोठून मिळावयाचा? माझ्या समजुतीप्रमाणे मराठी स्त्रीने मराठी ग्रंथांची इतक्या परखडपणे केलेली ही पहिलीच झडती असावी.

पुढे काय झाले ते मात्र लाजिरवाणे आहे. निबंधावर टीका झाली, आणि ती केवळ सनातन्यांनी केली नाही. ताराबाईंच्या स्वतःच्या गोटातील काही माणसेही नाके मुरडू लागली. जोतीराव फुले यांना १८८५ साली 'सत्सारा'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घ्यावी लागली. जोतीरावांना तो अधिकार होताच. अशाच अडचणीत सापडलेल्या विधवांसाठी त्यांनी व सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र निघाले नाही. हा निबंध विस्मृतीत गेला तो स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत. मध्ये त्र्याण्णव वर्षे गेली.

फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली. २४ एप्रिल १८९० रोजी त्यांनी भरविलेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले होते, आणि तेथे दोन स्त्रियांनी भाषणे केली. त्याच वर्षी मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला, त्यामागेही लोखंडे होते. त्या सभेतील दोघी काय बोलल्या असतील याचा मी पुष्कळदा विचार करतो. रविवारची सुट्टी त्यांना आरामासाठी हवी होती, की घरचे धुणे एका दमात उरकावे म्हणून?

गिरणीत बाईची जागा ठरलेली असे. रिळिंग आणि वाइंडिंग ही बायकांची खाती, त्यांवर देखरेखीला नायकीण; साळखात्यात साच्यावर पुरुष. १९२०च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत पाचांतली एक तरी कामगार बाई होती. तिची मजुरी पुरुषापेक्षा कमी, आणि त्याचे कारण विचारले तर उत्तर तयार: बोटे नाजूक, काम हलके, आणि मिळकत काय, संसाराला जोड! हे उत्तर गिरणीमालकाने शोधून काढलेले नव्हते. ते त्याला कथापुराणांतून आयते मिळाले होते. नवऱ्याला गावी टाकून आलेली, नाही तर नवऱ्यानेच टाकलेली कितीतरी बाई त्या जोडमिळकतीवर पोरे वाढवीत होती, ही गोष्ट त्या उत्तरात बसत नव्हती.

कायद्याचीही कथा अशीच दुहेरी. १८९१च्या कारखाना कायद्याने बाईचा कामाचा दिवस अकरा तासांवर आणला आणि रात्रीचे काम बंद केले. प्रौढ पुरुषाला तासांची मर्यादा मिळाली ती १९११ साली. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या लाभाचा कायदा झाला. कौन्सिलात त्या विधेयकाच्या बाजूने डॉ. आंबेडकर बोलले होते. हे कायदे हवेच होते, त्यांसाठी माणसे झिजली. पण पाळ्या वाढल्या, नवी यंत्रे आली, तेव्हा रात्री ठेवता येत नाही आणि बाळंतपणाचा खर्च अंगावर येतो, एवढे निमित्त पुरे झाले. बायका हळूहळू गिरणीबाहेर गेल्या. आणि स्पष्टच बोलावयाचे तर, युनियनच्या पुरुष पुढाऱ्यांनी त्यावर गेटसभा घेतल्याचे फारसे आढळत नाही.

आमच्या शाहिरीचेही तेच. अण्णा भाऊ साठे यांच्या 'माझी मैना'वर माझा जीव आहे. पण तीत मुंबईला येतो तो पुरुष आणि गावी राहते ती बाई. वाइंडिंग खात्यातली बाई आमच्या गाण्यांत अपवादानेच येते. बायकांनी स्वतः जे रचले ते जात्यावर रचले. गी पॉइत्वँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव हिंडून लाखाच्या वर ओव्या जमविल्या. त्या ओव्यांत बापाच्या अंगणातला भेद, भावाचा वाटा, सासरचे कष्ट हे सारे आहे, पण छापखान्याची पायरी त्या फार उशिरा चढल्या.

१९७५ साल वर आलेच आहे. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी जन्माला आली. पुढल्या वर्षी समान वेतनाचा कायदा झाला. आता गंमत पाहा. समान वेतनाचा प्रश्न यावयास आधी वेतन पाहिजे. अंगणवाडीत काम करणाऱ्या बाईला नाव दिले 'सेविका', तिच्या हाताखालची 'मदतनीस', आणि त्यांना मिळते ते 'मानधन'. मुलांना शिकविणे, वजने घेणे, आहार वाटणे, गरोदर बायांच्या नोंदी ठेवणे, हजेरी, रजिस्टर, अहवाल, हे सर्व करून ती कामगार नाही, कर्मचारी नाही. २००५ नंतर आल्या त्या 'आशा'; त्यांना कामागणिक मोबदला. एका अधिकाऱ्याने वाटाघाटीत मला सांगितले होते की, हे मायेचे काम आहे, त्याचा हिशेब करू नये. मायेचे काम करणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या खात्याचा हिशेब मात्र दर महिन्याला चोख होत होता. 'मुक्तामाले'तली सोशीक नायिका सरकारी ठरावात येऊन बसलेली मी त्या दिवशी पाहिली.

२५ एप्रिल २०२२ रोजी, गुजरातमधील अंगणवाडी स्त्रियांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की त्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो आणि त्यांना मिळते ते त्या कायद्यापुरते वेतनच आहे. मानधन आणि वेतन या दोन शब्दांतले अंतर निदान एका ठिकाणी तरी तुटले. तरीही महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस ४ डिसेंबर २०२३ रोजी संपावर गेल्या आणि जानेवारी अखेरीपर्यंत, ऐन थंडीत, मैदानांवर बसल्या. त्यांच्या मागण्यांत पैशांची वाढ होती, निवृत्तिवेतन होते, आणि ती ग्रॅच्युइटीही होती.